‘फूड ग्रेड’ सर्टिफिकेट खरं असतं, पण टेस्ट करताना प्रश्न काय विचारला होता?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये पोळीभाजीचे डबे देता, रोजचे ६०-७०, दिवाळीनंतर स्टीलचे डबे बंद करून काळे प्लास्टिकचे कंटेनर घेतलेत. सप्लायर लॅबचं ‘फूड ग्रेड’ सर्टिफिकेट दाखवतो, आणि नणंदबाईंनी व्हिडिओ पाठवलाय की काळ्या प्लास्टिकने कॅन्सर होतो. तुम्हाला जाणून घ्यायचंय की कंपनीचाही नाही आणि व्हिडिओवाल्याचाही नाही असा कोणी तज्ज्ञ हे सगळं तपासतो का, आणि तपासत असेल तर तो काय म्हणतो.

मी सुरुवातीची ६ वर्षं सातपूरला एका डबे-बरण्या बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो, त्यानंतर आजपर्यंत टेस्टिंग लॅबमध्ये, काम एकच, खाण्याच्या पॅकिंगमधून खाण्यात काय उतरतं ते मोजायचं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय, रिपोर्ट मागणाऱ्याच्या आणि रिपोर्ट देणाऱ्याच्या. उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या हातून रोज ६०-७० जण जेवतात त्यामुळे दोन ओळीत सांगून मोकळं होणं मला जमणार नाही.

आधी हे समजून घ्या की ‘उतरणं’ म्हणजे काय. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला रेसिड्यू शब्द समजवावा लागत नाही, बागेत मारलेल्या औषधाचा अंश मण्यात राहतो तो रेसिड्यू. प्लास्टिकमध्ये तसंच आहे फक्त उलट्या दिशेने, डब्यातलं काहीतरी भाजीत जातं, त्याला आम्ही मायग्रेशन म्हणतो. प्लास्टिक म्हणजे नुसतं पॉलिमर नसतं, त्यात रंग असतो, उन्हाने-उष्णतेने खराब होऊ नये म्हणून घातलेली द्रव्यं असतात, मऊ करणारी असतात, साच्यातून सुटावं म्हणून घातलेली असतात, आणि बनवताना आपोआप तयार झालेली असतात ती वेगळीच, ज्यांची यादी कारखान्यातल्या माणसाकडेही नसते. गरम, तेलकट, आंबट आणि जास्त वेळ ठेवलेलं, या चार गोष्टी आल्या की उतरणं वाढतं. तुमची मसाल्याची वांगी आणि टोमॅटोची आमटी या चारही गोष्टी घेऊन डब्यात बसतात, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता द्राक्षाचीच गोष्ट सांगतो कारण आपल्या जिल्ह्याने ती भोगलीय. २०१० च्या सीझनला इथून गेलेली द्राक्षं युरोपात अडकली, क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा रेसिड्यू सापडला म्हणून, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते, वेलीची वाढ रोखायला मारतात ते. आणि गंमत नव्हती ती, लोकं कर्जात गेली. बागांचे रिपोर्ट तर होते, तपासणी करूनच माल गेला होता, पण तपासणीच्या यादीत हा पदार्थच नव्हता. जे शोधलंच नाही ते सापडणार कुठून? लॅब खोटी नव्हती, शेतकरी खोटा नव्हता, रिपोर्टवरचा आकडा आन् आकडा खरा होता. प्लास्टिकच्या बाबतीत मला जे सांगायचंय ते सगळं याच्यातच आहे.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. त्या सातपूरच्या कारखान्यात आम्ही लोणच्यासाठी बरण्या बनवायचो. टेस्ट अशी असते: बरणीचा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, तो खाण्याच्या जागी वापरायच्या द्रावणात (रिपोर्टमध्ये याला सिम्युलंट म्हणतात) ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचा. पाणीदार पदार्थासाठी डिस्टिल्ड वॉटर, आंबटासाठी ३ टक्के ॲसिटिक ॲसिड, तेलकटासाठी हेप्टेन नावाचं सॉल्व्हंट, पेट्रोलसारखा वास येतो त्याला. मग तुकडा काढून ते द्रावण काचेच्या डिशमध्ये वॉटर बाथवर आटवायचं, सुकवायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं आणि चार दशांशाच्या बॅलन्सवर डिशचं वजन करायचं. आधीच्या रिकाम्या डिशपेक्षा जेवढं जास्त भरलं तेवढं प्लास्टिकमधून उतरलं. आपल्याकडे मर्यादा १० मिलिग्रॅम दर चौरस डेसिमीटर, किंवा खाण्याच्या पदार्थाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम. त्या दिवशी पाण्याची डिश स्वच्छ होती, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तरी काही दिसेना, वजन दीड मिलिग्रॅमच्या आसपास. हेप्टेनच्या डिशच्या तळाला मात्र पांढुरकी कड धरलेली, बोट फिरवलं तर मेणचट लागत होतं, आणि आकडा १३ च्या वर. मी परत केली, परत तेच. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले पाण्याचा रिपोर्ट लाव, पार्टीने कुठला पाहिजे ते लिहून दिलेलं नाही. लोणच्याच्या बरणीला पाण्याचा रिपोर्ट! त्यावर सही माझी आहे. त्या रिपोर्टमध्ये एकही शब्द खोटा नव्हता आणि ते मला आजही सलतं.

त्यामुळे कोणी ‘फूड ग्रेड’ सर्टिफिकेट पुढे केलं की मी आधी निकाल बघत नाही, प्रश्न काय विचारला होता ते बघतो. आणि समजा सगळ्या द्रावणात पास झालं तरी ही टेस्ट वजन सांगते, नाव सांगत नाही. डिशमध्ये उरलं ते निरुपद्रवी मेण आहे की हार्मोनमध्ये गडबड करणारं काही आहे हे बॅलन्सला कळत नाही, त्यासाठी एकेका पदार्थाची वेगळी टेस्ट लागते, ती महाग असते आणि कोणी मागितल्याशिवाय होत नाही.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर येतो, स्वतंत्र तज्ज्ञ. बिस्फेनॉल ए चं उदाहरण घ्या, बीपीए म्हणतात ते. पॉलिकार्बोनेटमध्ये असतं, पाण्याचे ते २० लिटरचे कडक निळसर जार बऱ्याचदा त्याचे असतात, आणि पत्र्याच्या डब्यांना आतून जो लेप असतो त्यातही. युरोपची अन्न सुरक्षा संस्था आहे, एफ्सा, तिने २०१५ मध्ये सांगितलं की माणसाने वजनाच्या किलोमागे दिवसाला ४ मायक्रोग्रॅमपर्यंत घेतलं तर चालेल, आणि तेव्हाच सांगितलं की ही मर्यादा तात्पुरती आहे. मग २०१३ नंतर आलेले ८०० च्या वर नवे अभ्यास त्यांच्या पॅनेलने तपासले, मसुदा आधी सगळ्यांपुढे ठेवला, हरकती घेतल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये नवी मर्यादा दिली ०.२ नॅनोग्रॅम, नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. म्हणजे आधीच्या २०,००० पट कमी! ६० किलोच्या माणसाला दिवसाला १२ नॅनोग्रॅम. मगाशी मी डिशमधल्या वजनाची मर्यादा सांगितली ना, किलोमागे ६० मिलिग्रॅम, ती या १२ नॅनोग्रॅमच्या ५० लाख पट होते. दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टींचे आहेत, एक सगळ्या उतरलेल्याचं एकूण वजन आणि दुसरा एकाच पदार्थाचा रोजचा डोस, पण वजनाच्या टेस्टमध्ये पास झालं म्हणजे झालं असं का म्हणता येत नाही ते यावरून समजेल.

आणि यावर सगळ्यांचं एकमत झालं का, तर नाही. जर्मनीची जी जोखीम तपासणारी सरकारी संस्था आहे, बीएफआर, तिने जाहीरपणे सांगितलं की एफ्साची पद्धत आम्हाला पटत नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशींमधला जो बदल तुम्ही धरलाय त्यावरून माणसाचं नुकसान ठरवणं बरोबर नाही, आणि त्यांनी स्वतःचा हिशोब करून २०० नॅनोग्रॅम दिलं. दोघांत १,००० पटीचा फरक. व्हिडिओवाले इथे म्हणतात बघा शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, आणि प्लास्टिकवाले पण तेच म्हणतात! मी वेगळं बघतो. दोघांनीही गणित उघड्यावर मांडलंय, कुठला अभ्यास का धरला, का सोडला, सगळं लिहिलंय, मतभेद कुठे आहे तेही लिहिलंय, तुम्ही आम्ही वाचू शकतो. आणि जरा नीट बघा, जर्मनीवाल्यांचा ढिला आकडासुद्धा २०१५ च्या मर्यादेपेक्षा २० पट कडक आहे. भांडण किती कमी करायचं याचं आहे, जुनी मर्यादा बरोबर होती असं दोघांतलं कोणीच म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपियन युनियनने खाण्याच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीएवर बंदीच घातली, टप्प्याटप्प्याने.

पैसा कोणाचा हे का विचारायचं त्याचंही उदाहरण बीपीएचंच आहे. २००५ मध्ये व्हॉम साल आणि ह्यूजेस या दोन शास्त्रज्ञांनी कमी डोसवरचे प्राण्यांवर झालेले ११५ अभ्यास घेतले आणि पैसे कोणी दिले तेही बघितलं. सरकारी पैशाच्या १०४ पैकी ९४ मध्ये परिणाम सापडला. कंपन्यांच्या पैशाच्या ११ पैकी एकातही नाही. आता याचा अर्थ त्या ११ अभ्यासांत कोणी आकडे खोटे लिहिले असं मी म्हणत नाहीये. उंदराची जात कुठली घ्यायची, डोस किती द्यायचा, कुठला अवयव बघायचा हे जिथे ठरतं तिथेच पाणी मुरतं, माझ्या त्या बरणीसारखं. आणि कधीकधी निकाल नीट येतो पण दाबून ठेवला जातो. पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडने प्राण्यांना कॅन्सर होतो हे इटलीतल्या मालतोनी या शास्त्रज्ञाला १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसलं होतं. अभ्यासाला पैसा कंपन्यांचा होता आणि माहिती गुप्त ठेवायचा करार होता. १९७४ मध्ये अमेरिकेत लुईव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांना लिव्हरचा एक अगदी दुर्मिळ कॅन्सर झाल्याचं जाहीर झालं तेव्हा जगाला कळलं. तिथे हवेत ५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५०० भाग, चालायचं ते मग १ पीपीएमवर आणलं. मी स्वतः मशीनवर काम करणारी माणसं रोज बघितलीत त्यामुळे ही गोष्ट मी प्रत्येक नवीन पोराला सांगतोच.

पण दुसरी बाजू सोडून द्यायची नाही, तुमच्या नणंदबाईंचा व्हिडिओ. तो बहुतेक ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासावरून बनवलेला असणार, बऱ्याच व्हिडिओंचं मूळ तेच आहे. त्यात काळ्या प्लास्टिकच्या किचनच्या वस्तूंमध्ये, उलथणी वगैरे, आग लागू नये म्हणून टीव्ही-कॉम्प्युटरच्या प्लास्टिकमध्ये घालतात ती ब्रोमिनची द्रव्यं सापडली. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लास्टिक वितळवून परत वापरलं की ती येतात. इथपर्यंत बरोबर. पुढे त्यांनी हिशोब केला की रोज साधारण ३४,७०० नॅनोग्रॅम पोटात जाऊ शकतं आणि वजनाच्या किलोमागे ७,००० धरून ६० किलोच्या माणसाची मर्यादा ४२,००० आहे, म्हणजे जवळजवळ काठावर. आता ७,००० गुणिले ६० तुम्ही करा. ४,२०,००० येतात. एक शून्य खाल्लं! कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या जो श्वार्झ यांनी ही चूक दाखवली आणि डिसेंबरमध्ये दुरुस्ती छापावी लागली. म्हणजे मर्यादेच्या काठावर नाही, दहाव्या भागाच्याही आत. छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेला पेपर होता तो, तरी चौथीच्या मुलाला सापडेल असा गुणाकार सुटला, आणि पकडला तो बाहेरच्या माणसाने, कारण आकडे पेपरमध्ये उघडे होते. व्हिडिओ मात्र आजही ४२,००० वरच फिरतोय.

असंच ते आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक पोटात जातं वालं. २०१९ चं आहे ते, ५ ग्रॅम म्हणे. नंतर दुसऱ्या संशोधकांनी हिशोब तपासला तर कणांची संख्या वजनात बदलताना फार मोठी गफलत होती, नंतरचे अंदाज मायक्रोग्रॅममध्ये आहेत. मायक्रोप्लास्टिक आहे, आपल्या शरीरात सापडतंय, त्याची काळजी मला आहे, पण कार्डाची गोष्ट सांगून कोणाला जागं करायचं नाही, कारण उद्या ती खोटी निघाली की लोकं बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत.

मग सगळ्याचा एकत्र आढावा घेणारं कोणी आहे का? आहेत. नॉर्वेच्या संशोधन परिषदेच्या पैशातून प्लास्टकेम नावाचा रिपोर्ट मार्च २०२४ मध्ये आला. त्यांनी प्लास्टिकमध्ये असलेली किंवा असू शकणारी १६,००० च्या वर रसायनं मोजली. त्यातली ४,२०० च्या वर धोकादायक गुणधर्माची आहेत, आणि १०,००० पेक्षा जास्त रसायनांची धोक्याबद्दल माहितीच नाही. मला विचाराल तर यातला तिसरा आकडा सगळ्यात जास्त सलणारा आहे. सीसीसी आठवा. आणि सरकारी पातळीवर म्हणाल तर हवामानासाठी जसं आयपीसीसी आहे तसं रसायनं आणि कचऱ्यासाठी एक आंतरराष्ट्रीय विज्ञान पॅनेल असावं असं २०२२ मध्ये नैरोबीला ठरलं आणि जून २०२५ मध्ये उरुग्वेत पुंता देल एस्तेला ते स्थापन झालं. म्हणजे आत्ता कुठे बाळसं धरतंय. त्यात कोण तज्ज्ञ बसणार, कंपन्यांशी संबंध असलेल्यांचं काय करायचं यावर बैठकांमध्ये किती घासाघीस झालीय ते बघितलं की कळतं हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे. त्याच्या दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, जिनिव्हाला प्लास्टिक कराराची बैठक काहीच न ठरता संपली, तेव्हा नियम येतील मग बघू असं म्हणत तुम्ही थांबू नका.

आता तुमचे काळे कंटेनर. बहुतेक ते पॉलिप्रोपिलीनचे असतील, तळाला त्रिकोणात ५ असेल, उलटं करून बघा. पॉलिप्रोपिलीन त्यातल्या त्यात बरं, बीपीए त्यात घालत नाहीत, आणि १०० अंशाला वितळत वगैरे नाही. माझी शंका प्लास्टिकच्या जातीवर नाही, काळ्या रंगावर आहे. पांढऱ्या किंवा पारदर्शक डब्यात भंगारचा दाणा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला, मिसळला तर डोळ्याला दिसतो, काळ्यात काहीही खपून जातं. चांगला कारखाना नवीन दाण्यात खाण्यासाठी चालणारा रंगच घालतो, त्यासाठी आपल्याकडे आयएस ९८३३ या भारतीय मानकात रंगांची यादी आहे. तुमचा सप्लायर कुठल्या प्रकारचा आहे हे मला इथे बसून सांगता येणार नाही आणि त्याच्या सर्टिफिकेटच्या पहिल्या पानावरून तुम्हालाही कळणार नाही.

म्हणून त्याच्याकडून पूर्ण रिपोर्ट मागा, सगळी पानं. त्यात टेस्टची पद्धत आयएस ९८४५ लिहिलेली असेल. कुठल्या द्रावणात टेस्ट केली ते बघा. नुसतं डिस्टिल्ड वॉटर असेल तर तुमच्या वांग्याच्या भाजीला त्या कागदाचा काही उपयोग नाही, ॲसिटिक ॲसिड आणि हेप्टेन दोन्ही पाहिजेत. तापमान बघा, तुम्ही भाजी वाफ निघत असताना भरता तर ४० अंशाची टेस्ट तुमच्यासाठी नाही, पाण्याच्या आणि ॲसिटिक ॲसिडच्या टेस्टला निदान ७० अंश २ तास पाहिजे, हेप्टेनची टेस्ट कमी तापमानालाच करतात. रंग उतरतो का हे वेगळं तपासलंय का बघा. लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि नमुना लॅबच्या माणसाने गोदामातून उचलला की पार्टीने आणून दिला तेही बघा, कारण बऱ्याच रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरते आहेत. दिलेला नमुना खास बनवलेला असू शकतो, हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. तारीखही बघा, ३ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आणि या महिन्यातला माल यांचा संबंध नसतो.

तोपर्यंत एक करा. तुमचे निम्मे गिऱ्हाईक तरी रोजचे, ठरलेले असतील, त्यांच्या रस्सा-भाजीपुरते स्टीलचे डबे परत सुरू करा, पोळी-भात-कोशिंबीर काळ्यात गेली तर मला तेवढी चिंता नाही. माणूस जास्त लागेल, डबे परत येईपर्यंत जीव टांगणीला, घासायला बाई लागेल, हे सगळं मान्य, तुम्ही ते का बंद केलं तेही समजतं. पण गरम तेल आणि आंबट एवढंच जरी बाजूला काढलंत तरी उतरण्याचा मोठा भाग गेला. आणि मिसळवाल्यांचं बघून रस्सा पातळ पिशवीत गाठ मारून द्यायचं तर मनातही आणू नका. मी एकदा पार्सल घेताना प्रोब घालून बघितलं होतं, ओतताना रस्सा ८६ अंशाला होता, वर बोटभर तर्री, आणि पिशवी अशी लुसलुशीत झालेली की हातात धरवेना. खाण्याला वर्तमानपत्र लावू नका, ते तर एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमात सरळ मनाई केलेलं आहे. गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवा की काळा डबा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका आणि धुऊन घरी लोणचं-चटणी भरायला ठेवू नका, आपल्याकडे कुठला डबा टाकायचा जीव होत नाही, मला माहीत आहे, आमच्या घरी पण फडताळ भरलेलं असायचं.

सप्लायर म्हणेल एवढे प्रश्न आजपर्यंत कोणी विचारले नाहीत. म्हणू दे. नवीन टेस्ट करायला सांगा, तो नाही म्हणाला तर गोदामातले त्याच्यासमोर कुठलेही १० कंटेनर तुम्ही स्वतः उचला, पिशवीला सील करून सह्या घ्या आणि लॅबला द्या. तुमच्यासारख्या ४-५ डबेवाल्या ताईंनी मिळून खर्च वाटून घेतला तर जड जाणार नाही. सप्लायरकडून सगळी पानं आली की सिम्युलंट आणि तापमान लिहिलेलं पान उघडा, आणि त्या रकान्यात नेमकं काय छापलंय ते जसंच्या तसं इथे लिहा, पुढचं मी सांगतो.